कोट कोणी जाळला?

“काकू, श्वास सुटला,” यंत्र चालवणारी मुलगी माइकमध्ये म्हणाली. “परत घेऊ या. मोठ्ठा घ्या आणि मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत धरून ठेवा.”

पडद्यावरची श्वासाची रेघ जेमतेम वर चढली, हिरव्या पट्टीला शिवली आणि धपकन खाली आली. आतल्या खोलीत यंत्राखाली काकू एकट्याच पडल्या होत्या. बाहेर मुलीच्या खुर्चीमागे काका उभे होते आणि स्वतःचाच श्वास रोखून लालबुंद झाले होते.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. छातीतली गाठ काढून झाली. आता नेमक्या त्याच जागेवर किरण सोडायचे, म्हणजे चुकूनमाकून मागे राहिलेलं काही असेल तर तेही मरेल. पण जागा डावीकडची, आणि तिच्या लगेच मागे हृदय. छातीभर श्वास घेतला की हृदय मागे सरकतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. तेवढा वेळ श्वास धरायचा. सुटला तर यंत्र आपोआप थांबतं. आज नुसता सराव होता. नाहीच जमलं तर दुसऱ्या पद्धतीनं करू, डॉक्टर म्हणाले, फक्त हृदयाला थोडी झळ लागेल. काकूंचं हृदय आधीच नाजूक. ते ‘थोडी’ काकांच्या मनातून काही केल्या जाईना.

“नाही हो जमत मला,” आतून रडवेला आवाज आला. “भीती वाटते. श्वास मावतच नाही छातीत.”

मावत नाही? अशा वेळीही काकांना हसू आलं. दोघांचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान. काका इस्त्री सांभाळायचे. काकू गिऱ्हाइकं सांभाळायच्या, आणि काकांनाही. कुणी खोट काढली की काकू कमरेवर हात ठेवायच्या, खोल श्वास घ्यायच्या आणि मग जी तोफ सुटायची ती एका दमात. गिऱ्हाईक पायऱ्या उतरून गेलं तरी वाक्य संपायचं नाही.

“मी बोलू का जरा?” काकांनी विचारलं. मुलीनं माइक पुढे केला. तिला वाटलं, काका धीर देणार.

“अगं, तो नवरदेवाचा पांढरा कोट तूच जाळला होतास.”

त्या नवरदेवाचा मुलगा आता कॉलेजात जात होता, पण कोटाचा निकाल लागलेला नव्हता. इस्त्री तापवली काकांनी, कोटावर विसरली कोणी, यावर घरात एकमत होत नव्हतं.

आत काकूंनी जोरात श्वास ओढला. रेघ सर्रकन वर चढली आणि हिरव्या पट्टीत शिरली.

“धरा, काकू! बोलू नका!” मुलगी ओरडली.

रेघ पट्टीत जाऊन बसली ती हलेना. मुलीनं “सोडा” म्हटलं मात्र, आतून तोफ धडाडली. “मी? मी जाळला? इस्त्री कोणाच्या हातात होती हो? आणि हे काय बोलायचं ठिकाण आहे?”

मुलगी पोट धरून हसत होती. “काका, तुम्ही रोज यायचं हं. डॉक्टरांना मी सांगते.”

काका रोज गेले. कधी म्हणाले, चहा करावा तर तुझ्या बहिणीनंच. कधी तिच्या घोरण्याचा विषय काढला. काहीच सुचलं नाही की कोट होताच. रेघ रोज पट्टीत बसायची. पण परतताना काकू बसच्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या. घरीही अबोला. विचारलं तर “हूं”. त्यांची कातडी लालसर झाली होती, दोन जिने चढून दम लागत होता, आणि अशा बाईला हा माणूस टोमणे मारत होता! काकांना स्वतःचीच लाज वाटायची. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा, मलाही भीती वाटते म्हणून सांगावं, असं फार वाटायचं. पण तसं सांगितलं तर राग जाणार, आणि राग गेला तर श्वास जाणार. म्हणून ते मुकाट्यानं वाईटपणा घेत राहिले.

शेवटचा दिवस उजाडला. काकांनी माइक हातात घेतला. बहिणीच्या चहाचं वाक्य तयार होतं.

“अगं,” ते म्हणाले. तेवढ्यावरच काकूंनी सवयीनं छाती भरून घेतली. रेघ पट्टीत चढली, यंत्र सुरू झालं. काकांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. “अगं, आता दुकानात येऊन बस. तू काउंटरवर नसलीस की करमत नाही मला. तू मला हवी आहेस गं.”

रेघ थरथरली आणि कोसळली. यंत्र थांबलं.

“काका! हे काय केलंत?” मुलगी म्हणाली, आणि तिनं स्वतःचेच डोळे पुसले. काकांना कुठे बघावं कळेना.

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मग काकूंचा, अगदी दुकानातला, ठणठणीत आवाज.

“अहो, इतके दिवस इतकं छान भांडलात, आता शेवटच्या दिवशी कशाला नाट लावता? ते सगळं घरी जाऊन बोला. आधी कोट कोणी जाळला ते सांगा बघू, मी श्वास घेतेय!”