रोज एक मिलिमीटर

“इथे लागतंय का, बाबा?”

मुलाने तळव्याच्या मध्यावर टिचकी मारली. मास्तरांच्या तर्जनीकडे मुंग्या धावल्या. ते हो म्हणाले. मुलाने तिथे बॉलपेनने रेघ ओढली आणि मागच्या रेघेपासूनचं अंतर पट्टीने मोजलं.

मास्तर जन्मापासून आंधळे. दाराची काच फुटून उजव्या हाताचा मज्जातंतू कोपराखाली तुटला आणि ब्रेल वाचणारं त्यांचं एकुलतं एक बोट बधिर झालं. डावा हात जन्मभर नुसती ओळ धरून बसलेला. वाचनात तो ढ तो ढच.

तंतू जोडणाऱ्या डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. तंतू जिच्यातून निघतो ती पेशी मानेजवळ जिवंत असते. तुटल्या जागेपुढचा तंतू मरतो. सोबतच्या पेशी त्याचा कचरा उचलतात, वाट मोकळी धरतात, आणि नवा तंतू रोज एक मिलिमीटर पुढे सरकतो. नशीब, जखम हाताला झाली, असंही ते म्हणाले होते. मेंदूत नाहीतर कण्यात झाली की तिथल्या पेशी काळजीपोटी तिच्यावर असा थर चढवतात, की नव्या तंतूला वाटच उरत नाही.

मास्तरांचा जीव एका कागदात अडकला होता. त्यांची बायको डोळस. त्यांच्यासाठी ती ब्रेल शिकली आणि शेवटच्या आजारपणात तिने एक पत्र टोचून ठेवलं. मजकूर मास्तरांना पाठ होता. पण ठिपक्यांत तिचा हात होता. ओळीच्या सुरुवातीला जोरकस, शेवटी दमलेला. रोज सकाळी त्यावरून बोट फिरवल्याशिवाय ते चहाला शिवत नसत. आता वर्षभर तो हात भेटला नव्हता.

एका सकाळी शर्टाच्या बटणाची चार भोकं त्यांना बोटाने मोजता आली. त्यांनी पुन्हा मोजली. चारच. कुणाला काही न सांगता ते थोडा वेळ रडले, आणि मग मुलाला म्हणाले, जरा आईचं पत्र आण.

मुलगा धावतच घेऊन आला. “घड्यांवर फाटायला आलं होतं, बाबा. तुमचं बोट बरं होईपर्यंत टिकावं म्हणून लॅमिनेट करून आणलं. आता शंभर वर्षं त्याला काही होत नाही.”

मास्तरांनी बोट टेकवलं. प्लॅस्टिक गार होतं. कोपऱ्यात त्याच्याखाली अडकलेला एक केस लागला, इतकं बोट जागं झालं होतं. पहिली ओळ सपाट होती. दुसरीही. मशीनच्या गरम रुळांखाली सगळे ठिपके दबून गेले होते. डोळ्यांना त्यांच्या खुणा जागच्या जागी दिसत होत्या, म्हणून मुलाला काही कळलं नव्हतं. मास्तर शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि पुन्हा वर आले.

मुलगा शेजारीच उभा होता. आईचा तो कागद त्याने तळहातावरच्या फोडासारखा जपला होता.

“लागतंय का, बाबा?”

मास्तरांनी बोट उचललं.

“नाही रे,” ते म्हणाले. “बोट अजून तिथवर पोचलेलं नाही.”