हाक येतेच

“ग्राफिक कार्ड राहू द्या,” वृषाली म्हणाली. दुकानदार हितेशने ते खोकं परत फळीवर ठेवलं.

काचेचं कॅबिनेट आधीच परत गेलं होतं. स्क्रीन घेतला तोही कोणीतरी वापरलेला, जुना. कीबोर्ड मामाच्या घरून येणार होता. मायलेकी आल्या होत्या कॉम्प्युटर जुळवायला आणि तो एकेका भागाने कमीच होत चालला होता. वृषालीची आई रुक्मिणी शेजारच्या स्टुलावर बसून बघत होती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लेक प्रत्येक वस्तू हातात घेते आणि खाली ठेवते, एवढं मात्र कळत होतं, आणि ते तिला बघवत नव्हतं.

एका वस्तूवर वृषाली अडून बसली होती. रॅम. बोटाएवढी हिरवी पट्टी, पण ती नसली तर पंचिंगचं सॉफ्टवेअर चालत नाही. पंचिंग म्हणजे साडीवरची नक्षी कॉम्प्युटरवर अशी मांडायची, की कुठला टाका कुठे घालायचा ते भरतकामाच्या मशीनला कळावं. भरतकामाच्या कारखान्याच्या शेठने सांगितलं होतं, सोमवारी स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर घरबसल्या काम. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. आणि काम गेलं तर सुरतेतल्या डिंडोलीच्या खोलीत आईशेजारी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. त्या टिकल्यांपायी रुक्मिणीचे डोळे अधू झाले होते. लेकीचे तिला तसे होऊ द्यायचे नव्हते.

हितेशने रॅम काउंटरवर ठेवून भाव सांगितला. रुक्मिणी आता पदर खोचून पुढे झाली. या बाबतीत तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. भाजीवाला असो की भांडीवाला, तिची रीत एकच. निम्मा भाव सांगायचा, तोंड वाकडं करायचं, उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. हाक येतेच. सुरतेत तिचे केस पिकले, पण हाक आली नाही असं कधी झालं नव्हतं.

“एवढीशी पट्टी अन् एवढे पैसे? निम्मे घ्या दादा.”

“नहीं होगा, मासी.”

“मग ऱ्हाऊ द्या. ऊठ गं वृषे. सुरतेत काय हे एकच दुकान हाय?”

“आई, नको ना,” वृषाली पुटपुटली. पण उठली. सौदा चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. आणि खरं सांगायचं तर तिलाही मोह झाला. चार पैसे सुटले तर वीज गेल्यावर चालणारा यूपीएस तरी घेता येईल.

काउंटरपाशी हेल्मेट काखेत धरून एक गिऱ्हाईक मघापासून ताटकळत होतं. त्या निघाल्या तसं ते पुढे सरकलं. रुक्मिणी हळूहळू चालत होती, दुकानदाराला हाक मारायला वेळ मिळावा म्हणून. जिन्याशी ती थांबली. चपलेचा अंगठा उगाच नीट केला.

“हाक मारंल बघ आता,” ती हसून म्हणाली.

हेल्मेटवाला त्यांच्या बाजूने, हातातली पिशवी सांभाळत जिना उतरून गेला. हाक काही आली नाही. वृषाली मागे फिरली आणि जवळजवळ धावतच दुकानात शिरली. मागून रुक्मिणी.

काउंटरवर रॅम नव्हती.

“द्या दादा,” रुक्मिणी धापा टाकत म्हणाली. “तुमी म्हनाल त्या भावानं.”

हितेश घुटमळला. त्याने आतून दुसरी रॅम काढली आणि भाव सांगितला. मघाच्या दुपटीहूनही जास्त होता. वृषालीने मनातल्या मनात हिशेब केला. कॉम्प्युटरचे बाकीचे सगळे भाग परत दिले असते, तरी तेवढे पैसे जमले नसते.

“आत्ता तर याच्या निम्म्यात देत हुतास की रे!” रुक्मिणी ओरडलीच.

“मासी, भाव तो कब का डबल हो गया. वो पुराने माल का आखिरी नग था. ये बेन रोज फोन पे भाव पूछती थी, तो इसके लिए पुराने भाव में दबाके रखा था. आप उठके चले गए, तो मैं तो खुश हुआ, के चलो, इनको कहीं इससे भी सस्ता मिल गया.”