घरचं तूप

नणंदेची रिक्षा सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली आणि मी दोघांपुरता मऊ भात लावला. बारा दिवस पक्वान्नं रांधल्यावर मेतकूट, घरचं तूप आणि शांतता, एवढंच हवं होतं. पण पाहुण्यांना पुरावं म्हणून मी इतके दिवस कोरडाच भात खाल्ला होता, तरी तूप संपलं होतं. सकाळी शेवटच्या पोळीनं बरणी पुसत नणंद म्हणाली, “वहिनी, पुण्यात सगळं मोजूनमापूनच!” मी रिकामी बरणी ह्यांच्यापुढे आदळली. “अहो, तुमची बहीण तूप संपवून वर टोमणा मारून गेली आणि तुम्ही हसत होतात!” हे उठले, कपाटातल्या स्वेटरखालून तुपाची डबी काढली. “पहिल्याच दिवशी लपवली.” “आणि बारा दिवस मला कोरडा भात?” “तुला सांगितलं असतं तर तू तिलाच वाढलं असतंस.” मी त्यांच्या भातावर मोजून एक थेंब सोडला आणि डबी माझ्या ताटात उपडी केली.