बादलीकडे पाठ

"प्लॉपसमोर डुबुक लिहून मोकळं नाही होता येत, बाई. डुबुकला शिंतोडे उडतात. प्लॉपला नाही उडत," आबा पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं हल्ली जिन्यापर्यंत जायचं.

सहायक बाईंनी चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवलं : मग बुळुक?

"छे! बुळुक म्हणजे बेडूक पळाला."

शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता. कुणाच्या तरी कानातून जन्मलेला शब्द कानानंच पारखायचा. संपादकानं बादलीकडे पाठ करून बसायचं, मागून वस्तू पाण्यात पडायची, आणि त्याचा कान सांगेल तोच अर्थ छापायचा. आबांनी असे शेकड्यानं शब्द पारखले होते. गेली दोन वर्षं मात्र आवाज झाला की शेजारी बसलेल्या बाई हळूच कोपरानं ढोसायच्या. बाकीचं आबा आठवणीतून आणायचे, आणि झकास आणायचे. याबद्दल कचेरीत कुणी अवाक्षर काढत नसे.

आज कचेरीच्या मालकीणबाई स्वतः पारख बघायला येणार होत्या. पसंत पडली तर कोशाचा शेवटचा खंड आबांचा. नाहीतर तो एका प्राध्यापकांकडे जायचा, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

मालकीणबाई आल्या. "या, या, बसा!" कपाटामागून बाई म्हणाल्या. मालकीणबाईंनी उत्तरच दिलं नाही. घुश्शातच दिसतायत, बाईंना वाटलं.

लगबगीनं पुढे येऊन बाईंनी शब्द समजावला. "इंग्रजी आहे, प्लॉप. बोलण्यातला, घरगुती. लहानशी वस्तू अलगद पाण्यात पडली, तो आवाज कुणीतरी तोंडानं काढून बघितला, झाला शब्द! आता तिकडे माणूस खुर्चीत धपकन बसला तरी प्लॉपच."

मालकीणबाई त्यांच्या ओठांकडे एकटक बघत होत्या, जणू एकेक अक्षर तोलून घेतायत. मग खुदकन हसल्या. बाईंना जरा धीर आला.

आबा बादलीकडे पाठ करून बसले. बाई त्यांच्या शेजारी टेकणार, एवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही तिकडे दाराशी, समोर उभ्या राहा. मला सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत."

बाईंचं कोपर दाराशी गेलं. आबांनी त्यांच्याकडे बघून डोळा मारला. फाशी जाणारा माणूस इतका खुशीत कसा, बाईंना कळेना.

मालकीणबाईंनी टोपलीतली लिंबं, साबणाची वडी बाजूला सारली, एक छोटा बटाटा निवडला आणि सोडला.

इतका गोल, इतका गुबगुबीत प्लॉप बाईंनी जन्मात ऐकला नव्हता.

आबा ढिम्म. मालकीणबाई त्यांच्या पाठीकडे बघत थांबल्या. आबाही थांबले. बादलीतलं पाणी स्थिर झालं.

"टाकताय ना?" आबांनी भिंतीला विचारलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. गेला खंड.

मालकीणबाईंनी आबांच्या खांद्याला धरून त्यांना आपल्याकडे वळवलं. "बोलताना तोंड इकडे ठेवा हो, आबा. मी ठार बहिरी आहे."