मागमूस

"वर डोंगरात कुठे निळी ताडपत्री दिसली का हो, बाई?" त्या माणसाने विचारलं, आणि व्हर्नाच्या हातातलं दाताळं तिथल्या तिथे थांबलं.

नदीच्या कडेने गेलेल्या कालव्याच्या जुन्या लॉकपाशी, म्हणजे नावा वर-खाली करायच्या दरवाजांपाशी, तंबू ठोकायची सरकारी जागा आहे, तिथली पानं ती ओढत होती. माणूस साठीच्या पुढचा, पाठीवर पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल. नाव डेल्बर्ट. मुलाला शोधत होता, कोरीला. चार दिवसांत कालव्याकाठच्या अकरा जागा त्याने पालथ्या घातल्या होत्या. मग वरच्या जंगलातल्या, नंबराची पाटी लावलेल्या. पोरगा कुठेच नव्हता.

"ऑगस्टात शेवटचा फोन आला," तो म्हणाला. "म्हणाला, बाबा, झकास जागा सापडलीय, इथून कुणी उठवत नाही. लॉकवाल्याच्या घरामागून सरळ वर चढायचं, निळी ताडपत्री दिसेल. पोलीस म्हणतात, तिशीचा बाप्या आहे, गेला असेल मनाला येईल तिकडे."

व्हर्नाने ती ताडपत्री बघितली होती. नुसती बघितली असती तर बरं झालं असतं.

बाई कामाला वाघ. नऊ वर्षं दर गुरुवारी नारिंगी जाकीट चढवून फुकट राबायची. सरकारी जागा काय, कुणीही झाडेल. व्हर्ना शोधायची ती लोकांनी चोरून केलेले मुक्काम. सापडला की चुलीचे दगड एकेक उचलून लांब फेकायचे, काजळीची बाजू खाली. राख पुरायची. चेपलेल्या जमिनीवर पानं पसरायची, वरून वाळक्या फांद्या. नाहीतर एकाचं बघून दुसरा येतो आणि बघता बघता जंगलाची धर्मशाळा होते. सगळं झालं की वीस पावलं जाऊन वळून बघायचं. जागा ओळखू आली तर परत फिरून पुन्हा हात मारायचा. नव्या लोकांना ती हेच शिकवायची, आणि तोऱ्यात शिकवायची.

"मी आवरली ती जागा," ती म्हणाली. "ऑक्टोबरात."

"आवरली म्हणजे?"

"सोडून गेलेत असं वाटलं मला. ताडपत्री फाटलेली होती, पाणी साचलं होतं. दोन आठवडे वाट बघितली, कुणी आलं नाही. मग पिशव्यांत भरलं आणि खाली आणलं."

"काय काय होतं?"

"पातेलं. एक ब्लँकेट. बूट." ती अडखळली. "एक वही होती."

"काय लिहिलं होतं?"

"मी नाही उघडली. दुसऱ्याची होती."

"दुसऱ्याची होती म्हणून उघडली नाहीत," डेल्बर्ट सावकाश म्हणाला. "आता कुठंय?"

"कचऱ्याची गाडी दर सोमवारी येते."

तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. त्याने फक्त पिशवीचा पट्टा सारखा केला. "जागा तरी दाखवा," तो म्हणाला. "चला."

दोघं लॉकवाल्याच्या घरामागून चढायला लागली. ओकची पानं पोटरीपर्यंत साचली होती. व्हर्नाला आठवत होतं, पडलेलं झाड ओलांडायचं आणि उजवीकडे वळायचं. पडलेली झाडं सात निघाली. प्रत्येकाच्या उजवीकडे ती गेली, पायाने पानं उकरली, वाकून दगड उलटे केले. एकालाही काजळी नव्हती. डेल्बर्ट तिच्यामागून धापा टाकत येत होता आणि प्रत्येक ठिकाणी विचारत होता, "हीच का?"

"नाही. अजून जरा वर असेल."

तासभर झाला, दोन झाले. उन्हं उतरायला लागली. जंगल जिकडे बघावं तिकडे सारखं, जसं ते असावं म्हणून तिने नऊ वर्षं कंबर मोडून घेतली होती. तिला स्वतःच्या हातांची किळस आली. एवढं बेमालूम काम कशाला करावं माणसाने? एक खुंटी राहिली असती, दोरीचा एक तुकडा राहिला असता, तर काय बिघडणार होतं?

डेल्बर्ट एका झाडाला टेकला. ओठ निळे पडले होते. "ठाऊक नाही तुम्हाला," तो म्हणाला. "खरं सांगा. तुम्हालाच ठाऊक नाही ना आता?"

व्हर्नाने आजूबाजूला बघितलं. गुळगुळीत सालीच्या दोन बीच वृक्षांमध्ये थोडी सपाट जमीन होती. तशी त्या डोंगरात शंभर ठिकाणी असेल.

"ही," ती म्हणाली. "हीच."

"नक्की?"

"या दोन झाडांनाच बांधलेली होती ताडपत्री. आता ओळखलं मी."

तो तिथे जाऊन उभा राहिला. एका झाडाच्या सालीवरून त्याने हात फिरवला, दोरीचा वळ लागतो का बघत. वळ नव्हताच. तरी तो मान हलवत राहिला, समोर कुणीतरी बोलत असल्यासारखा. व्हर्नाच्या ओठांवर आलं होतं, खरं सांगून टाकावं. पण सांगून देणार काय होती ती त्याला?

"अंथरूण कुठे होतं?"

तिने मधली जमीन दाखवली.

"आणि डोकं कुठल्या अंगाला करायचा?"

"नदीकडे," व्हर्ना म्हणाली.

डेल्बर्टने पिशवी उतरवली, टोपी काढून छातीवर धरली, आणि नदीकडे डोकं करून तो त्या पानांवर आडवा झाला.