पेढ्यांचे पुडे

सुमतीबाई गिरगावातल्या एका प्रसूतिगृहाच्या समितीवर होत्या. इथल्या सेवेवर लोक समाधानी आहेत का, हे त्या खाटेखाटेपाशी जाऊन विचारत होत्या; बाळंतिणींना नव्हे, शेजारी बसलेल्या त्यांच्या सासवांना. बरोबर त्यांची सून उर्मिला होती, सातव्या महिन्यातली. खाली रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता.

कुणी म्हणे आमटी पाणचट, कुणी म्हणे गादीत ढेकूण. कालिंदी सुईणीचं मात्र सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. तिच्या टेबलावर पेढ्यांचे पुडे रचलेले होते. बर्फीचा एकही नव्हता.

शेवटच्या खाटेवरची शकू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची सासू घरी गेली होती. उर्मिला जवळ वाकली, तशी ती कुजबुजली, "मला मुलगी झाली. चांगली रडली हो ती. कालिंदी तिला पुसायला आत घेऊन गेली, ती मेलेलीच आणली. सासूबाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं."

जिन्यावर सुमतीबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

"जपून उतर गं. आणि तुझ्या वेळेची काळजी करू नकोस. कालिंदीला मी सांगून ठेवलंय."