पाठमोरी

रामदासपेठेतल्या प्रदर्शनात एका म्हाताऱ्या बाईच्या उघड्या पाठीचा फोटो होता. चेहरा दिसत नव्हता.

"हिले पोरंबाळं नसतील काय? काही लाज?" म्हणत सुशीलनं भांडून तो भिंतीवरून उतरवायला लावला.

त्याची बायको श्वेता शेजारीच उभी होती. फोटोतल्या पाठीवरचा, खांद्याखालचा भाजल्याचा डाग तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

संध्याकाळी ती नेहमीसारखी सासूच्या पाठीला तेल लावायला बसली. डागाशी तिचा हात थांबला.

"त्यानं पाह्यला काय फोटो?" गोपिकाबाईंनी न वळता विचारलं.

"हो आई. उतरवायले लावला."

"ओळखलं काय मले?"

"नाही."

गोपिकाबाई म्हणाल्या, "लहानपणी याच पाठीवरून खाली उतरतच नव्हता वं तो."